नजला, जोशांदा आणि बाद्यान

सर्दी-पडसे झाले की आपल्या कित्येक घरांत अजूनही अत्ताराच्या दुकानातून तीन जिनसा येतात. उन्नाब, सपिस्तान आणि बिहीदाणा. उन्नाब हे बोराच्या कुळातले फळ, सपिस्तान म्हणजे वाळलेले भोकर आणि बिहीदाणा हे बिहीचे बी. पाण्यात पडताच त्याला बुळबुळीत लुआब सुटतो, सोलवटलेल्या घशाला आराम पडतो. जोशांद्याची खरी मातबरी एवढीच, आणि ती थोडी नाही.

नाकावाटे वाहतो तो जुकाम आणि घशाकडे उतरतो तो नजला, हा भेद इब्न सिनाने ‘अल्-कानून’मध्ये नोंदवला आहे. हकिमांचा इलाज त्या उतरण्यावर होता. विषाणू त्यांना दिसणार कुठून? माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती आला १९३३ साली, इंग्लंडात. त्याआधी १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत साथ शिरली आणि पुढे देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, तेव्हा डॉक्टर, वैद्य, हकीम सारेच अंधारात चाचपडत होते.

२९ जानेवारी २०२० रोजी आयुष मंत्रालयाने पत्रक काढले. करोनाचा देशातला पहिला रुग्ण दुसऱ्याच दिवशी सापडला. पत्रकात युनानीचा नुस्खा होता: बिहीदाणा ३ ग्रॅम, उन्नाब ५, सपिस्तान ९, लिटरभर पाण्यात घालून निम्मे होईपर्यंत उकळायचे. आमचा ऊर भरून आला, हे खरे. पण या काढ्याने करोना बरा होतो, असे कोणत्याही भक्कम चाचणीत सिद्ध झालेले नाही. तसे सांगत सुटणे हा हकिमांवरही अन्यायच, कारण त्यांनी तसा दावा केलाच नव्हता.

वनस्पतीतून फ्लूचे औषध निघते, ते कसे हे आपल्या बिर्याणीतल्या बाद्यानाकडे पाहून कळते. हकिमांचे हे ‘बादियान-ए-खताई’. खता म्हणजे चीन. त्यातल्या शिकिमिक आम्लावर अनेक रासायनिक प्रक्रिया करून ओसेल्टामिविर बनवतात. १९९९ साली ते ‘टॅमिफ्लू’ नावाने बाजारात आले. २००९ च्या स्वाइन फ्लूत पुण्यात हे नाव घरोघरी पोचले. साध्या फ्लूत त्याने दुखणे जेमतेम एखाद्या दिवसाने आटोपते. नुसते बाद्यान उकळून मात्र ओसेल्टामिविर मिळत नाही.

शिकिमिक हे नाव ‘शिकिमी’ या जपानी झाडावरून पडले. त्याचे फळ बाद्यानासारखेच दिसते, पण विषारी असते. भेसळीची शंका आल्याने २००३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बाद्यानाचा चहा पिऊ नका, असा इशारा दिला होता.