डागांची बखर

आमच्या मेहुण्यांकडे, म्हणजे हिच्या दादांकडे, १९७१ सालची फियाट आहे. अकराशे डिलाइट, रंग आकाशी. ती माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, नंबर लावून घेतली. हल्लीच्या मुलांना नंबर लावणं म्हणजे दवाखान्यात लावतात तेवढंच ठाऊक. त्या काळी मोटारीला नंबर लावला की माणूस घरी येऊन मुलांच्या मुंजी, धाकट्या बहिणींची लग्नं वगैरे किरकोळ कामं उरकून घ्यायचा. मग काही वर्षांनी पत्र यायचं. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून पुण्याला आली तेव्हा दादा दुसरीत होते. ती बघायला आलेल्यांना चहा देता देता घरातली महिन्याची साखर तीन दिवसांत संपली, असं सासूबाई शेवटपर्यंत सांगत.

या गाडीला आजतागायत दुसरा रंग लागलेला नाही. हे वाक्य दादा दिवसातून एकदा तरी उच्चारतात. संध्या करत असते तर त्यातही घातलं असतं. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देण्याचा नियम सरकारने २०२१ साली केला, तेव्हा दादांनी पेढे वाटले. नियमात सांगाडा आणि इंजिनाची बात आहे, रंगाचं एवढं कौतुक नाही, हे त्यांच्या कानावर घालण्याची हिंमत कोणी केली नाही. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी उतरली, ती याच अकराशेची पुढची पिढी. त्या दिवशी तर ते गाडीजवळ थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. घरात गेलेल्या माणसाच्या धाकट्या भावाकडे आपण बघतो, तसे.

अशा गाडीवर गेल्या उन्हाळ्यात डाग पडले. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो नेमका बॉनेटवर ठिबकत होता आणि टाकीत होतं बोअरचं पाणी. एप्रिल-मे महिना, पत्रा तापलेला, थेंब पडला की सुकला, सुकला की त्यावर दुसरा. दादा आठ दिवस मुलीकडे बंगळूरला गेले होते. परत आल्यावर त्यांनी मला फोन केला, "जावईबापू, गाडीला देवी आल्यात."

मी जाऊन पाहिलं. खरोखरच देवीचे व्रण होते. पांढरी, गोल गोल, कडेला जाड आणि मध्ये विरळ अशी वर्तुळं. थेंब सुकतो तेव्हा त्यातला क्षार सगळीकडे सारखा न बसता कडेलाच का जमतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मात्र तो शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कॉफीच्या डागावरून पडला होता आणि १९९७ साली त्यांनी तो 'नेचर' साप्ताहिकात सोडवला. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून बसते आणि तिथलं पाणी भराभर उडतं. ती तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना अंगचा माल घेऊन जातं. आमच्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात हा माल भरपूर असतो, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. धरणाचं मवाळ पाणी असतं तर एवढा प्रसंग ओढवला नसता. दादांच्या गाडीवर, थोडक्यात, सह्याद्री उतरला होता.

आता ही बखर जरा मागे न्यायला हवी. मोटारीचा रंग म्हणजे काय हे कळल्याशिवाय डाग म्हणजे काय ते कळत नाही, असं मला पुढच्या महिनाभरात उमजलं.

सुरुवातीच्या मोटारी रंगवायचे ते बग्गीसारख्या. जवसाचं तेल, राळ, त्याचं व्हार्निश. हात मारायचा, वाळवायचा, घासायचा, पुन्हा हात. एकेका गाडीला दोन ते चार आठवडे लागत. गाडी जोडून व्हायची आणि मग महिनाभर लोणच्यासारखी मुरत पडायची. फोर्डसाहेबांनी १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात काढली. तो डांबरी अंशाचा काळा रंग भट्टीत भाजून पक्का करता येई, स्वस्त पडे आणि टिके. त्यांचं काळ्या रंगाबद्दलचं ते प्रसिद्ध वाक्य वाचकांना पाठ असेलच, म्हणून इथे देत नाही.

आणि मग आली दारू. प्यायची नव्हे, तोफेची. अमेरिकेतली ड्यूपॉन्ट कंपनी १८०२ पासून बंदुकीची दारू करत आलेली. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की जो नायट्रोसेल्युलोज मिळतो, तो स्फोटकात जातो आणि सिनेमाच्या फिल्ममध्येही. पहिलं महायुद्ध संपलं, दारूला गिऱ्हाईक राहिलं नाही. १९२० साली न्यू जर्सीतल्या पार्लिनच्या प्रयोगशाळेत फिल्मवर काम चालू असताना या नायट्रोसेल्युलोजचं एक पातळ पण रंग भरपूर धरून ठेवणारं पाणी चुकून हाती लागलं. त्यातून ड्यूको निघाला. जनरल मोटर्सने १९२३ साली ओकलंड नावाच्या गाड्या त्याने निळ्या रंगवून बाजारात आणल्या आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांची गोष्ट सांगतात, की 'गाडी इतक्या लवकर रंगवणं अशक्य' म्हणणाऱ्या एका रंगवाल्याला त्यांनी जेवायला नेलं. जेवून बाहेर आल्यावर त्या गृहस्थाला आपली गाडी सापडेना. ती तोवर दुसऱ्या रंगाची होऊन समोरच उभी होती. गोष्ट खरी असो वा नसो, असा यजमान मिळाला तर मी उपाशी राहणं पसंत करीन.

आपल्याकडे तर ड्यूको हे सामान्यनामच झालं. लाकडी कपाटालासुद्धा सुतार 'ड्यूको मारू का?' म्हणून विचारतो. असल्या रंगाला इंग्रजीत जे लॅकर म्हणतात तो शब्द मुळात आपल्या लाखेवरून गेलेला, तेव्हा हिशेब चुकता आहे.

पण ड्यूकोची एक खोड होती. तो वाळला की मंद दिसे. चकाकी हवी तर घासावा लागे. पुढे १९३० च्या सुमारास आपोआप चकाकणारे एनॅमल आले, पण 'चमक म्हणजे घासणं' हे समीकरण मोटारवाल्यांच्या डोक्यातून गेलं नाही. आणि जुन्या गाड्यांवर, मग तो ड्यूको असो की एनॅमल, रंग हाच सगळ्यात वरचा थर असे. वर जो पारदर्शक, काचेसारखा लेप हल्ली असतो, तो सर्रास झाला १९८० च्या दशकापासून. म्हणजे आजच्या गाडीला डाग पडतो तो अंगरख्याला. दादांच्या फियाटला पडला तो कातडीला.

दादांना यातलं काही सांगण्याआधीच त्यांनी उपाय सुरू केले होते. आधी साबण. मग रॉकेल. (रॉकेल त्यांनी कुठून मिळवलं हा वेगळ्या लेखाचा विषय.) डाग हसत होते. शेवटी मी व्हिनेगर सुचवलं. क्षार आहे, आम्लाने विरघळेल. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तीस वर्षं मी बंबाला चिंच लावत होते, तेव्हा कोणी मला शास्त्रज्ञ नाही म्हटलं." मुद्दा बिनतोड होता. तांब्याच्या बंबातला पांढरा थर आणि बॉनेटवरचं वर्तुळ हे एकाच गोत्रातले. फक्त चिंचेला चोथा असतो, तो रंगाला ओरखडे पाडील, म्हणून पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी. गाडी सावलीत, पत्रा गार. भिजवलेलं मऊ फडकं डागावर दोन मिनिटं नुसतं ठेवायचं, चोळायचं नाही. मग स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच टिपून घ्यायचं. बारीक बुडबुडे आले, तो डागातला कार्बन डायऑक्साइड. दादांनी ते भिंगातून पाहिले.

बहुतेक डाग गेले. अकरा उरले.

हे अकरा क्षाराचे नव्हतेच. तिथे पाण्याने आणि उन्हाने मिळून रंगच खाल्ला होता. वर काही बसलेलं नव्हतं, खाली खड्डा होता. खड्डा विरघळत नाही. तो घालवायचा तर आजूबाजूची जमीन खड्ड्याच्या पातळीला आणायची. यालाच कंपाऊंड मारणं म्हणतात. दादांनी ओळखीच्या गॅरेजमधून डबा आणला. कंपाऊंड म्हणजे, आमच्या मते, शिकली-सवरलेली राख. आजी काथ्याने पितळ्या घासायची तोच प्रकार.

पहिल्याच डागावर दादांचं फडकं निळं झालं. "बघा, केवढा मळ निघाला!" ते आनंदाने म्हणाले.

मी फडकं हातात घेतलं. तो मळ नव्हता. ते आकाशी होतं. मोटारीच्या सगळ्या रंगाची जाडी, अस्तर धरून, साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका पानाएवढी. अण्णा दर दसऱ्याला गाडी गॅरेजमध्ये देऊन 'चकाचक' करून आणत. असे किती दसरे त्या पानावरून फिरले असतील याचा हिशेब मी मनात केला आणि दादांना म्हटलं, "दादा, हा मळ नाही. ही गाडी आहे."

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावरून त्यांनी बोट फिरवलं. तिथे एक करडी रेघ होती, अस्तराची, अण्णांच्या वेळचीच. लहानपणी ती त्यांना डिझाईन वाटायची म्हणे.

गॅरेजच्या उस्तादांना बोलावलं. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "साहेब, पूर्ण रंग काढू, लांबी भरू, नवा कोट मारू. आरसा करून देतो. दाढी करा समोर उभं राहून." भाव सांगितला तोही वाजवी होता. माणूस कामाचा, नियतीचा. त्याला दोष द्यायला जागा नाही. वहिनी म्हणाल्या, करून टाका. हिचं मत पडलं की अण्णा असते तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच रंग काढून घेतला असता. आणि ते अगदी खरं होतं. अण्णांना चकचकीत गाडी आवडायची, जुनी नव्हे. ती जुनी झाली हा त्यांचा नाइलाज होता.

दादांनी उस्तादांना चहा पाजला आणि परत पाठवलं. कंपाऊंडाचा डबा वहिनींनी पितळेच्या समयांसाठी ठेवून घेतला. निळं झालेलं फडकं मात्र दादांनी धुवायला टाकलं नाही. ते गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, आर.सी. बुकाशेजारी, घडी करून आहे. अकरा वर्तुळांवर ते वर्षातून दोनदा मऊ हाताने नुसतं मेण लावतात.

टाकीचा बॉल-कॉक बदलायला सोसायटीची दोन बैठका आणि एक विशेष सभा लागली. तोवर तात्पुरता उपाय म्हणून ओव्हरफ्लोच्या पाइपाला एल्बो लावून तोंड पलीकडे फिरवलं. पलीकडे सेक्रेटरींची नवी कोरी गाडी उभी असते. चार दिवसांनी ते दादांकडे आले आणि दारातूनच विचारू लागले, "ते व्हिनेगरचं प्रमाण काय म्हणालात?"