मांडणीचा अधिकार

मांडणी ही लेखनाची केवळ शोभा आहे, असे आपण मानत आलो. संगणकाच्या आज्ञावलींच्या इतिहासाने या समजुतीला धक्का दिला आहे. बहुतेक संगणकभाषांत एखादी ओळ समासापासून किती आत आहे, याची यंत्राला दखल नसते. माणूस मात्र अर्थाचा पहिला अंदाज त्या आकृतीवरूनच बांधतो. मजकूर एक, वाचक दोन आणि दोघांची वाचनाची रीत निराळी!

हे अंतर किती महाग पडू शकते, ते फेब्रुवारी २०१४ मध्ये दिसून आले. ॲपल कंपनीच्या सुरक्षित दळणवळणाच्या आज्ञावलीत ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली ओळ वरच्या अटीच्या अधीन होती, दुसरी विनाअट. पण दोन्ही समासापासून सारख्याच अंतरावर असल्यामुळे दोन्ही अटीखालच्याच भासत. यंत्राने दुसरी आज्ञा निमूटपणे पाळली. त्यामुळे पुढची स्वाक्षरीची पडताळणी टळली आणि तोतयाला खऱ्याच्या नावाने वावरण्याची वाट मोकळी झाली. मांडणी यंत्राकडून करून घेतली असती, तर दुसरी ओळ समासाकडे सरकून चूक डोळ्यांत भरली असती.

उपाय नवा नव्हता. १९६७ च्या सुमारास बिल गॉस्पर यांनी लिस्प भाषेतील मजकूर सुबक मांडून देणारी आज्ञावली रचली होती. १९७६ साली इलिनॉय विद्यापीठात सी भाषेसाठी ‘इंडेंट’ तयार झाले. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ रचले. बदललेल्या फाइली ओळखून त्यांच्यावर अवलंबून असलेले तेवढेच भाग नव्याने बांधणे हे त्याचे काम. मांडणारा आणि बांधणारा असे हे दोघे समवयस्क; पण त्यांची जोडी सर्वत्र रूढ होण्यास फार काळ लागला. अडचण मुख्यतः मनुष्यस्वभावाची होती. ज्याला त्याला आपलीच रीत प्रिय, आणि ‘इंडेंट’ने पर्यायही भरपूर दिलेले, त्यामुळे वाद कायम राहिला.

२००९ साली गूगलने ‘गो’ ही भाषा जाहीर केली, तेव्हा तिच्याबरोबर रॉबर्ट ग्रीसेमर यांचे ‘गोफमट’ आले. त्यात शैली निवडण्याची सोयच नव्हती. साहजिकच वादाला विषय उरला नाही. पुढे अशी तपासणी बांधणीच्या क्रमातच बसवण्याचा प्रघात पडला. यंत्र मजकूर स्वतः मांडून पाहते आणि लिहिलेल्याशी तफावत आढळल्यास बांधणी रोखते.

जुन्या प्रकल्पात मात्र पहिल्याच दिवशी हजारो ओळी बदलतात, आणि कोणती ओळ कोणी व कधी लिहिली हा इतिहास त्याखाली झाकला जातो. म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये ‘गिट’ने असे बदल वगळून मागचा लेखक दाखवण्याची सोय केली.

यंत्राला अर्थ कळत नाही. मांडणीची उठाठेव त्याच्याकडे गेल्यावर अर्थाची जबाबदारी माणसाकडेच उरते. ती पार पाडण्यास त्याला आता अधिक सवड मिळाली आहे, एवढेच.