मालक बदलला, प्रश्न तोच: ट्विटरची विक्री आणि ‘मूकनायक’चा धडा

१४ एप्रिल २०२२. आपण सगळे जयंतीच्या तयारीत, मिरवणुकीत होतो. त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत मोटारींच्या धंद्यातला अब्जाधीश एलॉन मस्क याने ट्विटर ही अख्खी कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव जाहीर केला. दर शेअरला ५४.२० डॉलर, एकूण सुमारे ४४ अब्ज डॉलर. २५ एप्रिलला संचालक मंडळाने होकार दिला. जुलैत मस्कने अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा कंपनी डेलावेअरच्या न्यायालयात गेली. शेवटी २७ ऑक्टोबरला व्यवहार पूर्ण झाला.

या काळात जगभर वाद रंगला. एक बाजू म्हणाली, आता अभिव्यक्तीला खरे स्वातंत्र्य मिळेल. दुसरी बाजू म्हणाली, द्वेष मोकाट सुटेल, चांगले ट्विटर संपेल. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाने मला विचारले, “दादा, आपण कुठल्या बाजूचे?” मी म्हणालो, आधी हे विचार की यातले कुठले ट्विटर आपले होते?

मित्रांनो, ‘चांगले ट्विटर’ आपण अनुभवलेले आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीचा तेव्हाचा प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आला. ब्राह्मणी पितृसत्ता मोडून काढा, अशा अर्थाचे पोस्टर हातात घेतलेला त्याचा फोटो पसरला. ते पोस्टर एका दलित कार्यकर्तीने त्याला भेट दिले होते. प्रस्थापितांनी गदारोळ केला आणि कंपनीच्या वरिष्ठ अधिकारी विजया गड्डे यांनी जाहीर माफी मागितली. माफी कोणाची? ज्यांच्यावर जातीचे अत्याचार होतात त्यांची नव्हे, पोस्टर पाहून ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांची! वर्षभराने, नोव्हेंबर २०१९ मध्ये, पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले. तेव्हा बहुजन तरुणांनी ‘जय भीम ट्विटर’ हा हॅशटॅग चालवून विचारले की निळी टिक कोणत्या निकषावर मिळते? ती मिळालेल्यांत आमची माणसे इतकी कमी का? मस्कचा तेव्हा या कंपनीशी मालक म्हणून काहीही संबंध नव्हता.

मग मस्क आला. नोव्हेंबर २०२२ च्या पहिल्याच आठवड्यात सुमारे साडेसात हजार कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना काढून टाकले. निळी टिक महिना आठ डॉलरला विक्रीला आली. भारतात फेब्रुवारी २०२३ मध्ये तिचा दर मोबाईलवर ९०० रुपये झाला. पैसे भरणाऱ्याचे उत्तर वर दिसणार, न भरणाऱ्याचे खाली जाणार. म्हणजे आधी टिक ओळखपाळखीवर होती, आता ऐपतीवर आली. वस्तीतल्या मुलाची जागा दोन्ही वेळा खालचीच!

म्हणून माझे म्हणणे असे: मालक भला की बुरा हा वाद दुय्यम आहे. लाखो लोकांच्या बोलण्याची जागा एका माणसाच्या मर्जीवर का असावी, हा मूळ प्रश्न आहे. आणि तो नवा नाही.

शंभर वर्षांपूर्वी जाऊ. अमेरिकेतलाच दुसरा मोटारसम्राट हेन्री फोर्ड याने १९१८ साली आपल्या गावचे ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ हे साप्ताहिक विकत घेतले. मे १९२० पासून त्यात ज्यूंविरुद्ध विखारी लेखमाला सुरू झाली. फोर्डच्या मोटारी विकणाऱ्यांनाच अंक खपवायला लावले गेले. तेच लेख पुस्तकरूपाने जर्मनीपर्यंत पोहोचले. शेवटी बदनामीचा खटला झाला, १९२७ मध्ये फोर्डला जाहीर माफी मागावी लागली आणि त्या वर्षअखेर पत्र बंद पडले. पण पेरलेले विष माफीने परत येत नाही.

आता त्याच १९२० सालची मुंबई पाहा. ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. आजच्या भाषेत, आपल्याला ब्लॉक केले होते. बाबासाहेब ‘केसरी’चा मालक बदलण्याची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी आपले पत्र काढले.

इथे कोणी म्हणेल, पैसा तर राजाचाच होता. खरे आहे. शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली. पण महाराजांनी पैसे दिले, लेखणी ताब्यात मागितली नाही. देणगी आणि मालकी यांतला हा फरक आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. ‘मूकनायक’ काही वर्षांत बंद पडले. १९२७ मध्ये सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये थांबले. पैसा नव्हता, माणसे नव्हती, बाबासाहेबांना रकानेच्या रकाने एकट्याने भरावे लागत. हे आपण लपवू नये. पण १९३० मध्ये आलेले ‘जनता’ टिकले आणि १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. आणि बंद पडलेली पत्रेही नाहीशी झाली नाहीत. त्यांचे अंक आज शासनाने छापलेल्या खंडात वाचायला मिळतात. उलट ऑगस्ट २०२३ मध्ये ट्विटरवरची २०१४ च्या आधीची अनेक छायाचित्रे एका बिघाडामुळे काही काळ दिसेनाशी झाली. आपल्या मोर्चांचे फोटो, अत्याचाराचे पुरावे, आपल्या वादविवादांची नोंद आपण कोणाच्या कपाटात ठेवली आहे, याचा विचार करा.

मग ट्विटर, म्हणजे आताचे एक्स, सोडायचे का? मुळीच नाही. बाबासाहेबांची पत्रे आणि निवेदने इतरांच्या वृत्तपत्रांतही छापून येत. दुसऱ्याच्या ओट्यावर उभे राहून जरूर बोलावे, पण त्या ओट्याला आपले घर समजू नये. प्रत्येक मोर्चाचे फोटो, पत्रके, निवेदने यांची एक प्रत आपल्या विहारात किंवा अभ्यासिकेत ठेवा. कार्यकर्त्यांचे पत्ते आणि फोन नंबर वहीत लिहून ठेवा. चळवळीची जी दोन-चार मासिके रडतखडत चालली आहेत, त्यांची वर्गणी भरा. पैसे भरून टिक घेण्याआधी हा हिशेब करा.

डीजेसाठी वर्गणी काढताना आपण मागेपुढे पाहत नाही. येत्या १४ एप्रिलला त्यातला दहावा हिस्सा आपल्या पत्रासाठी काढून पाहा. मालक कोण, या प्रश्नाचे आपल्या हातात असलेले उत्तर तिथून सुरू होते.

जय भीम!