भाषांतरकार यंत्राची कसोटी

एकाच ग्रंथाची दोन भाषांतरे अर्थाने सारखी असूनही एक सरळ वाहते आणि दुसरे पावलोपावली अडखळते. संगणकाच्या इतिहासातही असे भाषांतरकार आहेत. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या आज्ञांत उतरवणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. आज्ञावली तीच, यंत्रही तेच. तरी कामाचा वेग पुष्कळ अंशी या भाषांतरकारावर अवलंबून असतो.

१९५४ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांनी फोरट्रानच्या कामास आरंभ केला, तेव्हा यंत्राच्या आज्ञा हातानेच लिहिण्याचा प्रघात होता. तोवरच्या स्वयंचलित पद्धतींनी केलेली गणिते इतकी मंद चालत, की अनुभवी आज्ञालेखक त्यांवर विश्वास ठेवीत नसत. यंत्राचा वेळ महाग होता. पण आज्ञालेखकांवरील खर्चही जवळजवळ यंत्राइतकाच होई. बॅकस यांनी ओळखले, की भाषा कितीही सुबोध असली, तरी तिच्यातून निघणारी आज्ञावली हाताने लिहिलेल्या आज्ञावलीच्या निम्म्या वेगाने धावली, तर तिचा स्वीकार होणे कठीण. म्हणून भाषेच्या सौष्ठवापेक्षा भाषांतराच्या गुणवत्तेवर त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक श्रम वेचले.

आयबीएम ७०४ या यंत्रात कोष्टकातील पुढचा अंक कोठे आहे हे दाखवणारी इंडेक्स रजिस्टरे अवघी तीन होती. त्यांची काटकसरीने वाटणी करण्याची पद्धत शेल्डन बेस्ट यांनी बसवली. आज्ञावलीचा कोणता भाग वारंवार चालेल, याचा अंदाज घेण्याचे काम लोइस हेब्ट यांनी केले. एप्रिल १९५७ मध्ये फोरट्रान ग्राहकांच्या हाती पडला. त्याने केलेली चतुर फेरमांडणी पाहून काही वेळा त्याचे कर्तेच चकित होत.

१९६० नंतरच्या दशकात याच कंपनीच्या सिस्टिम ३६० यंत्रांसाठी फोरट्रानचे ‘जी’ आणि ‘एच’ असे दोन कंपायलर उपलब्ध झाले. ‘जी’ भाषांतर झटपट उरकी. ‘एच’ला भाषांतरास वेळ लागे, पण तो पुनरुक्त गणिते गाळी, न बदलणारी गणिते आवर्तनाबाहेर काढी आणि अधिक वेगवान आज्ञावली देई. एकदाच चालवून बाजूला ठेवायच्या आज्ञावलीला पहिला पुरेसा होता. सहस्र वेळा चालणाऱ्या आज्ञावलीच्या बाबतीत दुसऱ्याचा विलंब सव्याज भरून निघे.

तोच हिशेब आजही सुटलेला नाही. वेग शून्यातून मिळत नाही. आज्ञालेखक, भाषांतरकार आणि यंत्र या तिघांपैकी कोणीतरी त्यासाठी कष्ट उपसावे लागतात. फोरट्रानने ते ओझे माणसाच्या खांद्यावरून उतरवून भाषांतरकाराकडे दिले, हेच त्याचे खरे ऐतिहासिक कार्य.