युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन

युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन : विद्यार्थ्याचा धर्म न विचारता त्यास उच्च शिक्षण द्यावयाचे, या निर्धाराने स्थापन झालेली इंग्लंडमधील पहिली संस्था. स्थापना ११ फेब्रुवारी १८२६ रोजी ‘लंडन विद्यापीठ’ या नावाने. राजसनद व प्रस्तुत नाव २८ नोव्हेंबर १८३६ पासून. स्थान : गावर स्ट्रीट, ब्लूम्सबरी.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ऑक्सफर्ड व केंब्रिज ही दोनच विद्यापीठे होती आणि दोन्हींवर अँग्लिकन चर्चचा अंमल होता. ऑक्सफर्डात नाव दाखल करतानाच विद्यार्थ्यास त्या चर्चच्या एकोणचाळीस धर्मकलमांखाली सही करावी लागे. केंब्रिजात अध्ययनाची मुभा असली, तरी पदवी घेतेवेळी श्रद्धेची कबुली द्यावी लागे. त्यामुळे कॅथलिक, ज्यू व अँग्लिकनेतर प्रॉटेस्टंट यांच्या मुलांना, त्यांची बुद्धी कितीही तल्लख असो, स्वदेशातील पदवी दुष्प्राप्य होती.

स्थापना : जर्मनीतील विद्यापीठे पाहून आलेला कवी टॉमस कँबेल याने फेब्रुवारी १८२५ मध्ये ‘द टाइम्स’ पत्रातून संसद-सदस्य हेन्री ब्रूम यास अनावृत पत्र लिहून राजधानीत नवे विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली. ब्रूमने ती उचलली. आयझॅक लायन गोल्डस्मिड या ज्यू सराफाने तीस द्रव्यबळ व आपल्या समाजाचा पाठिंबा मिळवून दिला. पहिल्या कार्यकारी मंडळात कॅथलिक पंथाचा ड्यूक ऑफ नॉरफोक, ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहासकार जेम्स मिल आणि गुलामगिरीचा विरोधक झॅकरी मेकॉले असे परस्परभिन्न श्रद्धांचे लोक एकत्र बसले. उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यास पुष्कळदा संस्थापक म्हटले जाते; वस्तुतः तो या मंडळींचा प्रेरणास्रोत होता आणि एक भागधारक.

राजाची सनद नाही, सरकारी तनखा नाही, चर्चचे दान नाही, अशा स्थितीत प्रवर्तकांनी विद्यापीठ भागभांडवलाच्या मंडळीप्रमाणे उभारले व प्रत्येकी १०० पौंडांचे भाग विक्रीस काढले. ३० एप्रिल १८२७ रोजी ड्यूक ऑफ ससेक्सच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. वास्तुकार विल्यम विल्किन्स याने दहा कॉरिंथियन स्तंभांचा भव्य दर्शनी द्वारमंडप व त्याच्यामागे घुमट उभा केला. परंतु द्रव्याभावी दोन्ही बाजूंच्या इमारतींचे काम लांबणीवर पडले.

ऑक्टोबर १८२८ मध्ये अध्यापन सुरू झाले. रसायन, अर्थशास्त्र, न्यायतत्त्वमीमांसा, इंग्रजी वाङ्मय, आधुनिक भाषा अशा विषयांना येथे स्वतंत्र अध्यासने लाभली. प्राच्य भाषांच्या अध्यासनावर फ्रीड्रिख रोझेन हा तरुण जर्मन पंडित नेमला गेला, ज्याने पुढे ऋग्वेदाच्या प्रथमाष्टकाचे संपादन केले. धर्मशास्त्राचे अध्यासन मात्र हेतुपुरस्सर ठेवले नव्हते, कारण कोणत्या पंथाचे धर्मशास्त्र शिकवावे याचा निर्णय करू लागताच मूळ प्रतिज्ञा मोडली असती.

सनदेचा लढा : विरोधकांनी संस्थेस ‘निरीश्वर’ ठरविले, आणि चर्चनिष्ठांनी १८२९ मध्ये प्रतिस्पर्धी किंग्ज कॉलेज स्थापिले. पदव्या देण्याच्या अधिकारास जुन्या विद्यापीठांनी अडथळा केल्याने सनद दहा वर्षे रखडली. अखेर १८३६ मध्ये तडजोड झाली : केवळ परीक्षा घेऊन पदव्या देणारे नवे लंडन विद्यापीठ सरकारने निर्माण केले, आणि मूळ संस्था युनिव्हर्सिटी कॉलेज या नावाने अध्यापन करू लागली. १८७८ मध्ये स्त्रियांना, वैद्यक वगळता, समान अटींवर प्रवेश मिळाला. १९०७ मध्ये संस्था लंडन विद्यापीठात विलीन झाली, १९७७ च्या सनदेने तिचे स्वतंत्र अस्तित्व तिला परत दिले आणि २००५ मध्ये स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकारही मिळाला.

भारताशी संबंध : दादाभाई नवरोजी १८५६ पासून येथे गुजरातीचे प्राध्यापक होते. याहून दूरगामी संबंध १८५७ चा. त्या वर्षी स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे, धर्माची अट नसलेल्या व केवळ परीक्षा घेणाऱ्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेली होती. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबईचे पदवीधर झाले, तेव्हा त्यांना कोणत्याही धर्मकलमाखाली सही करावी लागली नाही.

तत्त्वाची कसोटी : मदुराई येथे जन्मलेला गणितज्ञ ऑगस्टस द मॉर्गन याने केंब्रिजची धर्मकबुली नाकारून एम.ए. पदवीवर पाणी सोडले होते. वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी तो या संस्थेचा पहिला गणिताध्यापक झाला आणि मधली पाच वर्षे सोडता १८६६ पर्यंत तेथे शिकवीत राहिला. त्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या अध्यासनासाठी युनिटेरियन धर्मोपदेशक जेम्स मार्टिनो यांचे नाव आले असता कार्यकारी मंडळाने ते फेटाळले. धर्मामुळे कोणास घ्यावयाचे नाही, तसे धर्मामुळे कोणास वगळावयाचेही नाही, हाच संस्थेचा पाया आहे आणि मंडळाने तो स्वहस्ते खणला, असे मानून द मॉर्गनने राजीनामा दिला. संस्थेच्या इतिहासात या राजीनाम्याचे मोल मोठे आहे, कारण चर्चचा जुलूम झुगारणाऱ्यांनाही आपला पूर्वग्रह ओळखता येतोच असे नाही, हे त्याने दाखवून दिले. द मॉर्गन मार्च १८७१ मध्ये वारला. त्याच वर्षी जूनमध्ये पार्लमेंटाने कायदा करून ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील उच्च पदव्या व अध्यासने यांवरील धर्मकसोट्या उठविल्या.