बाळ घरी आल्यावरचा सव्वा महिना: काय पाळायचं आणि कशासाठी थांबायचं नाही

नौपाड्यात गोखले रोड, राम मारुती रोडच्या आसपास प्रसूतिगृहं पुष्कळ. हाजुरी, राबोडी, महागिरीपासून मुंब्रा-कौशापर्यंतच्या आपल्या लेकीसुना बाळंतपणाला इथे येतात. भिवंडी-कल्याणला सासर असलेल्या मुली माहेरी येऊन इथेच नाव घालतात. बाळंतपण नॉर्मल झालं तर साधारण दोन दिवसांत आणि सिझेरियन असेल तर तीन ते पाच दिवसांत घरी सोडतात. रिक्षा दारात थांबते, खाला, फुफी, शेजारणी बाळ बघायला जमतात आणि सव्वा महिना सुरू होतो. कुणाच्या घरी त्याला चिल्ला म्हणतात.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आराम म्हणून हा सव्वा महिना फार चांगला. बाईला झोप मिळते, गरम जेवण हातात मिळतं, बाळ गर्दीपासून लांब राहतं. पण ‘चाळीस दिवस उंबरठा ओलांडायचा नाही’ हा नियम दवाखान्यालाही लावला की घोटाळा होतो. कारण नवजात बाळाची काही दुखणी रुग्णालयात दिसतच नाहीत, ती घरी आल्यावर दिसतात.

कावीळ हे त्याचं सगळ्यात नेहमीचं उदाहरण. बहुतेक बाळांना थोडी कावीळ होतेच आणि ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणजे नेमकी घरी आल्यानंतर. बाळाला दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ घ्या, कपाळावर आणि छातीवर बोटाने हलकं दाबा आणि बोट उचलल्यावर कातडीचा रंग बघा. ट्यूबलाइटखाली अंदाज चुकतो. पिवळेपणा चेहऱ्यापुरता असेल आणि बाळ नीट पीत असेल तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना दाखवा. तो पहिल्या २४ तासांतच दिसला, तळहात-तळपायापर्यंत उतरला, किंवा बाळ सुस्त होऊन दूध सोडायला लागलं, तर त्याच दिवशी न्या. आईचा रक्तगट निगेटिव्ह किंवा ओ असेल तर जास्त लक्ष ठेवा. कोवळ्या उन्हात धरून कावीळ उतरेल म्हणून दोन-तीन दिवस थांबणारी घरं अजून आहेत. उन्हावर विसंबू नका. कावीळ फार वाढली तर बाळाच्या मेंदूला आणि ऐकण्याला कायमची इजा होऊ शकते. वेळेत नेलं तर बहुतेक वेळा निळ्या दिव्याखाली ठेवून काम भागतं.

आणखी काही खुणा अशा, की मोठ्यांचा सल्ला घेत बसायचं नाही. बाळ दूध ओढत नाही, अंग तापलंय किंवा हातपायांबरोबर पोटही गार लागतंय, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त वेळा चालतोय, छाती आत ओढली जातेय, झटके येतायत, नाळेभोवती लाली किंवा पू आहे. श्वास बाळ शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. रात्र असेल तर १०८ ला फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, त्यात आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं आणि ने-आण मोफत आहे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचं आहे. बाळांचा अतिदक्षता विभाग जवळ कुठे आहे, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता शोधाशोध नको.

दूध पुरतंय का?

हा प्रश्न प्रत्येक आईला रडवतो. पहिले दोन-तीन दिवस येतो तो घट्ट पिवळसर चीक. तो थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. ‘हे खराब दूध, पिळून टाक’ असं सांगणारी दादी-नानी अजून भेटते; तिला प्रेमाने सांगा की रोगाशी लढायची ताकद त्यातच जास्त आहे. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं, साधारण दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर डॉक्टरांकडे जा. घरी मोजायची सोपी गोष्ट म्हणजे ओली लंगोटं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त झाली आणि काळी शी जाऊन पिवळी शी यायला लागली, तर दूध पुरतंय.

पहिले सहा महिने पाणी, गुटी, ग्राइप वॉटर काहीच नको, मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं द्या. पावडरच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. डबा घ्यायलाच लागला तर तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून, दुकानदाराच्या नाही. कुरआनात आईच्या दुधाची मुदत दोन वर्षांची सांगितली आहे, तेव्हा घरच्या बायकांनी आईला दूध पाजायला निवांत वेळ दिला पाहिजे. पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन उभं राहणं हे तिचं काम नाही.

तहनीक, सुरमा, लोबान

कानात अजान हळू आवाजात द्या, काही हरकत नाही. तहनीक सुन्नत आहे, पण ती बाळाचं जेवण नव्हे. खजूर धुऊन मऊ केलेला असावा, हात साबणाने धुतलेले असावेत, आणि टाळूला पुसट लागेल इतकाच. ज्याला सर्दी, खोकला किंवा तोंड आलंय त्याने खजूर चावून देऊ नये. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा काचेच्या पेटीत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. आणि खजुराऐवजी मध? तो मुळीच नको. मधात असू शकणाऱ्या एका जंतूमुळे तान्ह्या बाळाच्या स्नायूंना लुळेपणा येऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध देत नाहीत.

सुरम्याबद्दल आमच्यावर नाराज होणारे असतील. पण बाजारातल्या पुष्कळ सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं बाळाच्या वाढत्या मेंदूला घातक. डोळे मोठे दिसावेत म्हणून ही जोखीम कशाला? नजरेसाठी दुआ पढा. लोबानची आणि शेगडीची धुरी बंद खोलीत देणंही सोडा. वन-रूम-किचनमध्ये कोळशाचा धूर जायला जागा नसते आणि बाळाच्या छातीला तो झेपत नाही. मालीश छान, पण नाकाकानात तेल सोडू नका. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नको. बाळ पाठीवर, सपाट गादीवर झोपू द्या. ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर ठेवलेले मोठ्या भावंडाचे कपडे काढले असतील तर ते धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय घालू नका. काही बाळांची कावीळ त्या गोळ्यांमुळे वाढते.

आईचे दिवस

निफासचे चाळीस दिवस पूर्ण झाल्याशिवाय नमाज नाही, असं बऱ्याच बायका धरून चालतात. तसं नाही. कमीत कमी मुदत ठरलेली नाही. रक्त थांबलं की गुस्ल करून नमाज सुरू. जास्तीत जास्त मुदत हनफी मसलकात ४० दिवस, शाफईत ६०. आपले कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई, म्हणून सासर-माहेरचं मसलक वेगळं असेल तर उगाच वाद न घालता आलिमांना विचारा. रमजान आला तर निफासमध्ये रोजा नाहीच, आणि नंतरही स्वतःची किंवा बाळाची तब्येत बिघडायची भीती असेल तर दूध पाजणाऱ्या आईला सवलत आहे.

जेवणात अळिवाची खीर, हरीरा, यखनी, डिंकाचे लाडू खुशाल असू द्या. पाणी मात्र तोडू नका. ‘पाणी प्यायलीस तर पोट सुटेल’ म्हणून बाळंतिणीला तहानलेली ठेवणं चूक आहे. तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, ताप आहे, स्रावाला घाण वास येतोय, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येतेय, एकच पोटरी सुजून दुखतेय, यातलं काही झालं की सव्वा महिना बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि जातं. दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर तो आजार आहे. इमान कमी पडलं असं कुणी तिला सुनावू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. अब्बूंनी रात्रीचं एक दूध झालं की बाळाला ढेकर काढायला घ्यावं, लंगोट बदलावं. तेवढ्यानेही फरक पडतो.

अकीका सातव्या दिवशी करतात, पण बाळ अशक्त किंवा आजारी असेल तर पुढे करता येतो. गोश्त वाटून द्या, शंभर माणसांची गर्दी बाळाच्या खोलीत नको. मुंडणाला नवीन ब्लेड हवं. खतना सर्जनकडूनच, कावीळ उतरल्यावर. घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार असेल तर आधी सांगा, आणि लघवीचं छिद्र टोकाला नसेल तर खतना थांबवा, कारण पुढच्या दुरुस्तीला तीच कातडी लागते.

आशाताई असलेल्या वस्तीत त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाला तपासतात. आई माहेरी असेल तर माहेरच्या आशाताईंना कळवा, नाहीतर भेटी चुकतात. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी झाल्याची नोंद कार्डावर बघा. पुढच्या लसी दीड महिन्याला, म्हणजे सव्वा महिना उरकताच, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत.

दाखल्याचं काम

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालय ती कळवतं. ती राहत्या गावात नाही, जन्म झाला तिथे होते. म्हणजे घर भिवंडीत असलं तरी नौपाड्यात जन्मलेल्या बाळाचा दाखला ठाणे महापालिकेचाच. नाव ठरलं नसेल तर बिननावाची नोंद करून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. म्हणून रुग्णालयाच्या फॉर्मवर सही करण्याआधी आई-बाबांची नावं आधार कार्डाशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. मोहम्मद की मुहम्मद, शेख की शैख, आईचं माहेरचं नाव की सासरचं, हे तिथेच ठरवून घ्या. नंतर एक अक्षर बदलायला प्रतिज्ञापत्र आणि कितीतरी फेऱ्या लागतात.