ज्योती देवळालीकर

विजय तेंडुलकर यांच्या ‘कन्यादान’ (१९८३) या नाटकाची नायिका. समाजवादी आमदार नाथ देवळालीकर आणि महिला कार्यकर्त्या सेवा यांची मुलगी. घर ब्राह्मणी, सुस्थितीतले. भावाचे नाव जयप्रकाश, यावरूनच घरचे राजकारण कळावे. अरुण आठवले या दलित कवीशी लग्न ठरवल्याचे ती घरी सांगते. आई आणि भाऊ धास्तावतात, नाथ मात्र हरखतो. जातिनिर्मूलन इतके दिवस भाषणांत होते, ते आता घरात आले, याचा त्याला आनंद. मुलीच्या संसाराचे काय, हा प्रश्न सेवालाच पडतो.

लग्नानंतर अरुण दारू पिऊन मारहाण करतो. ज्योती माहेरी येते. तो दारात येऊन पश्चात्तापाने रडतो आणि ती परत त्याच्याबरोबर जाते. पुढे अरुणचे आत्मचरित्र गाजते. गरोदर मुलीचे हाल होऊ नयेत म्हणून नाथ मनाविरुद्ध त्यावरील परिसंवादाचे अध्यक्षपद घेतो आणि तोंड भरून स्तुती करतो. ज्योतीला तो खोटेपणा लगेच कळतो. माणसाकडे पाठ फिरवायची नाही हे तुम्हीच शिकवलेत, आता तुम्हीच ते मोडता, असा जाब ती बापाला विचारते. आपण आता आठवल्यांच्या आहोत, असे बजावून ती निघून जाते.

तोवर तिची सामाजिक जाणीव बापाकडून उसनी आलेली होती. तिची किंमत मोजल्यावर ती स्वतःची झाली. मात्र ज्योती चळवळीत जात नाही, एका नवऱ्याकडे जाते, आणि नाटकाची खरी अडचण इथेच आहे. याउलट, पुण्यातील वकिलाच्या घरात वाढलेल्या, कायदा शिकलेल्या गोदावरी परुळेकरांनी प्रत्यक्षात ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींमध्ये वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. टिटवाळ्याला १९४५ च्या जानेवारीत किसान सभेची परिषद झाली, त्या सुमाराची ही गोष्ट. तिथे आदिवासी संघटनेचे सोबती होते, कोणा एकीच्या सुधारणेचा विषय नव्हते. ज्योतीच्या वाट्याला संघटना नाही, फक्त अरुण आहे.

अरुणच्या चित्रणावर दलित कार्यकर्त्यांनी कडाडून टीका केली. या नाटकापायी तेंडुलकरांवर चप्पलही फेकली गेली. पहिल्या प्रयोगाचे दिग्दर्शन सदाशिव अमरापूरकर यांचे; नाथची भूमिका श्रीराम लागूंनी केली. याच नाटकासाठी तेंडुलकरांना १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला.